कंपनीची जबानी घेताना : ३०(बी)(६) डिपॉझिशन

वकीलीणबाई
मागे नोकरीवरच्या धाग्यात कुणीतरी विचारलं होतं, "आमच्या कंपनीवर दावा लागलाय, लीगलवाले म्हणतात कंपनीच्या वतीनं डिपॉझिशनला तू बस. बसू का?" तिथे उत्तर दिलं असतं तर मूळ विषय बाजूला पडला असता, म्हणून वेगळा धागा काढते. मी अमेरिकेत वादींच्या बाजूनं दिवाणी दावे चालवते, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यांच्या रांगेत बसते. त्यामुळे लिहिलेलं एकतर्फी वाटेल. पलीकडच्या बाजूचे कुणी इथे असतील तर त्यांनी खुशाल भांडावं.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे खटला ज्युरीपुढे उभा राहण्याच्या कितीतरी आधी दोन्ही बाजूंना साक्षीदारांना शपथेवर प्रश्न विचारता येतात. वकिलाच्या ऑफिसातली कॉन्फरन्स रूम, नाहीतर हल्ली झूम. न्यायाधीश नसतो. कोर्ट रिपोर्टर शब्दन्‌शब्द टिपून घेतो, बहुतेक वेळा कॅमेराही चालू असतो. हे डिपॉझिशन. साध्या माणसाचं घ्यायचं तर त्याच्या नावानं नोटीस, आणि तो दाव्यात पक्षकार नसेल तर समन्स, काढलं की झालं. कंपनीचं घ्यायचं तर बोलावणार कुणाला?

१९७० पर्यंत याचं उत्तर वादीच्या वकिलानं अंदाजानं द्यायचं असे. कारखान्याच्या मॅनेजरला बोलावलं की तो म्हणणार, हे खरेदीवाल्यांना ठाऊक. खरेदीवाला म्हणणार, डिझाइनला विचारा. डिझाइनवाला म्हणणार, ते गृहस्थ निवृत्त झाले. सात-बाऱ्याच्या नोंदीसाठी तलाठी, सर्कल, तहसील असं फिरलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. शेवटी सगळ्यांच्या जबान्या होत आणि कंपनीला काय माहीत होतं ते कुणाच्याच तोंडून निघत नसे. फेडरल दिवाणी नियमांमध्ये १९७० साली ३०(बी)(६) आला तो मुख्यतः या टोलवाटोलवीवर उपाय म्हणून. नियम करणाऱ्या समितीच्या टिपणातच तसं लिहिलेलं आहे.

उपाय असा की वादीनं माणसाचं नाव द्यायचंच नाही, विषय द्यायचे. त्या विषयांवर कोण बोलणार ते कंपनी ठरवणार, पण जो येईल त्यानं कंपनीला जे माहीत आहे आणि जे तिला वाजवी प्रयत्नांनी कळू शकतं ते सगळं सांगायचं. स्वतःला काय आठवतं एवढ्यावर भागत नाही. "मी तेव्हा नोकरीत नव्हतो" हे उत्तर इथे चालत नाही. तुम्ही नव्हता, कंपनी होती.

म्हणून माझ्या मते अर्धी लढाई नोटीस लिहितानाच होते. नियम म्हणतो, विषय वाजवी नेमकेपणानं मांडा. नवखे वकील लिहितात : "प्रतिवादीची सुरक्षाविषयक सर्व धोरणे". यावर कंपनी हरकत घेणार आणि न्यायाधीश तिच्या बाजूनं जाणार. त्याऐवजी लिहावं : "२०१८ ते २०२१ या काळात अमुक मॉडेलच्या झडपेबद्दल आलेल्या तक्रारी कुठल्या प्रणालीत नोंदवल्या जात, त्या तपासण्याचं काम कुणाकडे होतं, आणि त्या डिझाइन विभागापर्यंत कशा पोचत." आता कंपनीला पळवाट नाही, आणि तयारी काय करायची हेही तिला कळतं. "यासह परंतु एवढ्यापुरतेच मर्यादित नाही" ही वकिली शेपूट तर लावूच नये. काही न्यायालयांनी तेवढ्यावरून विषय मोघम ठरवलेत.

माझा एक विषय ठरलेला असतो : कागदपत्रं आणि ईमेल कुठे ठेवतात, किती काळ ठेवतात, दावा लागल्यावर पुसायचं कुणी थांबवलं. कंटाळवाणा वाटतो खरा, पण पुढे दोन वर्षं जे भांडण होणार असतं त्याची मुळं बहुधा इथेच सापडतात.

१ डिसेंबर २०२० पासून आणखी एक बंधन आलं. नोटीस देण्याआधी किंवा दिल्यावर लगेच दोन्ही बाजूंनी विषयांबद्दल प्रामाणिकपणे बोलून घ्यायचं. मसुद्यात 'कोण येणार' यावरही चर्चा करावी असं होतं. त्यावर कंपन्यांच्या वकिलांनी बरीच ओरड केली आणि ते वगळलं गेलं. माझ्या मते योग्यच झालं. माणूस निवडायचा हक्क कंपनीचाच, आणि वाईट माणूस निवडला तर परिणामही तिचेच.

आकडे : कोर्टाची परवानगी न घेता एका बाजूला १० डिपॉझिशन्स मिळतात. कंपनीनं पाच जण पाठवले तरी हे एकच धरलं जातं, पण प्रत्येकासाठी एक दिवस, ७ तास वेगळे. छोट्या वादीसाठी एवढं स्वस्त हत्यार दुसरं नाही.

गोमू
छान धागा. वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका : कंपनीनं मुद्दाम काहीच न जाणणारा माणूस पाठवला तर? आमच्या ऑफिसात असे बरेच आहेत, तयारीसुद्धा करावी लागणार नाही.

तिरकस
गोमू +१. कंपनी एक गोड बोलणारा पोपट पाळणार, तो दर दाव्यात येऊन "रेकॉर्डनुसार" म्हणणार. नियम कागदावर झक्कास.

वकीलीणबाई
@गोमू, हे पूर्वी सर्रास व्हायचं, अजूनही होतं. टेक्सासवर अधिकार असलेल्या फिफ्थ सर्किट अपील न्यायालयानं १९९३ मध्ये रिझोल्यूशन ट्रस्ट कॉर्पोरेशन विरुद्ध सदर्न युनियन या प्रकरणात स्पष्ट केलं की ज्याला काहीच माहीत नाही असा प्रतिनिधी पाठवणं म्हणजे हजरच न राहणं. हजर न राहण्याला नियम ३७ खाली दंड आहे : तयारी करून पुन्हा माणूस पाठवा, समोरच्या वकिलाची फी भरा. फारच टाळाटाळ केली तर त्या विषयावर खटल्यात पुरावा देण्यावर बंदीही येऊ शकते.

आणि "आता कुणीच उरलं नाही" हेही पूर्ण उत्तर नाही. १९९६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या अ‍ॅबरडीन इथल्या कीटकनाशकांच्या उकिरड्यांच्या साफसफाईचा दावा होता, युनायटेड स्टेट्स विरुद्ध टेलर. त्यात हा प्रश्न आला तो युनियन कार्बाइडच्या बाबतीत. (हो, तीच.) घटना जुन्या, माहितगार माणसं गेलेली. न्यायालय म्हणालं, असं होणं नवलाचं नाही, पण कागदपत्रं, माजी कर्मचारी, आधीच्या जबान्या, जे हाताशी असेल त्यातून कंपनीनं आपला माणूस तयार केलाच पाहिजे. आणि डिपॉझिशनमध्ये एखाद्या मुद्द्यावर कंपनीनं भूमिकाच घेतली नाही, तर खटल्यात अचानक ती उगवता कामा नये.

@तिरकस, पोपटाला माझी हरकत नाही. नियमानं बाहेरचा माणूससुद्धा चालतो. पढवलेला असेल तर उलट बरं, माझं काम ७ तासांऐवजी ४ तासांत होतं. अडचण अर्धवट पढवलेल्याची. त्याला मी एकाच सुरात विचारत जाते : हे तुम्हाला माहीत नाही, बरं. कंपनीत कुणाला माहीत असेल? त्यांचं पद काय? अजून नोकरीत आहेत? इथे यायच्या आधी त्यांना फोन केलात? का नाही केलात? त्यांनी लिहिलेला अहवाल वाचलात? तो आहे हे माहीत होतं? प्रत्येक "नाही" ट्रान्सक्रिप्टमध्ये जातं आणि न्यायाधीशापुढच्या अर्जाला मी तीच पानं जोडते. आवाज चढवायची गरज पडत नाही. सिनेमात दाखवतात तसे दणके देणारे वकील या कामात फारसे यशस्वी होत नाहीत असं माझं निरीक्षण आहे.

ह्यूस्टनकर
तो मूळ प्रश्न माझाच होता. आभार. मी क्वालिटीत आहे, ज्या उत्पादनावर दावा आहे त्यावर मी एक दिवसही काम केलेलं नाही. तरी लीगलला मीच का हवा हे आता थोडं कळलं. पण माझ्या शंका साध्या आहेत. १) नाही म्हणता येतं का? २) माझ्या उत्तरामुळे कंपनी हरली तर माझ्यावर काही येतं का? ३) एच-१बीवर आहे, त्याचं काय?

पलीकडच्या_टेबलावरून
मी एका उत्पादक कंपनीत इन-हाऊस वकील आहे, म्हणजे ह्यूस्टनकरांना 'तू बस' म्हणणारी जमात. वकीलीणबाईंच्या आधी मीच उत्तर देतो.

१) नियमात तीन गट आहेत : अधिकारी, संचालक आणि कंपनीच्या वतीनं निर्णय घेऊ शकणारे लोक, त्यापलीकडचा कुणी असेल तर त्याची संमती लागते. तुम्ही साधे क्वालिटी इंजिनिअर असाल तर कायद्यानं तुमची संमती हवी. बॉस नाराज होईल का, हा कायद्याचा प्रश्न नाही. पण मनापासून बसायचं नसेल तर आधीच सांगा. आदल्या दिवशी हातपाय गाळणारा साक्षीदार आम्हालाच नको असतो.

२) तुम्ही बोलता ते कंपनीचं बोलणं. त्याचा फटका कंपनीला, तुम्हाला नाही. मात्र शपथ तुमचीच आहे. जाणूनबुजून खोटं बोललात तर "लीगलनं सांगितलं होतं" हा बचाव नाही.

३) दिवाणी दाव्यात साक्ष देण्याचा व्हिसाशी संबंध नाही. एकच सावधगिरी : दाव्यात तुमच्या स्वतःच्या वागण्यावरच बोट असेल, उदाहरणार्थ तपासणीच्या कागदावर तुमचीच सही असेल, तर स्वतःचा वकील मागा. कंपनीचा वकील कंपनीचा असतो. त्याच्याशी झालेल्या बोलण्याची गोपनीयताही कंपनीच्या मालकीची, ती तुमच्यासाठी राखून ठेवायची की सोडायची हे कंपनी ठरवते. १९८१ च्या अपजॉन निकालानंतर आम्ही अंतर्गत चौकशी करताना कर्मचाऱ्याला हे आधी ऐकवतो.

आता भांडण. "स्वस्त हत्यार" कुणासाठी? आम्हाला साठ-सत्तर विषयांची नोटीस येते, त्यात सोळा वर्षांचा इतिहास. एका माणसाला तयार करायला त्याचं रोजचं काम आठवडे बाजूला ठेवावं लागतं, बाहेरचे वकील तासावर पैसे लावतात. हीच माहिती लेखी प्रश्नावलीनं, कागदपत्रांनी मिळाली असती. मग ती पाठ करून म्हणून दाखवायला माणूस कशाला? २०१५ पासून नियमात प्रमाणबद्धतेचा निकष आहे, म्हणजे दाव्याच्या मानानं माहिती मिळवायचा खर्च अवाजवी नसावा. वादींचे वकील हे सोयीस्कर विसरतात आणि मग आम्हाला नियम २६(सी) खाली संरक्षणाचा अर्ज करावा लागतो.

वकीलीणबाई
साठ विषय म्हणजे त्या वकिलानं स्वतःच्या दाव्याचा गृहपाठ केलेला नाही, यावर आपलं एकमत. दहा-बारांच्या वर गेले की मी माझ्याच ज्युनिअरला परत पाठवते. एखाद्या रसायनातल्या टक्केवाऱ्या, वर्षवार विक्रीचे आकडे वगैरे लेखी विचारावेत. ती स्मरणशक्तीची परीक्षा होऊ नये.

पण प्रश्नावलीची उत्तरं कोण लिहितं? तुमच्यासारखे हुशार वकील. त्यात तक्रार आली, "योग्य त्या कार्यपद्धतीनुसार" तपासली आणि "योग्य ती" कारवाई झाली. त्या "योग्य"च्या आत काय आहे ते समोरासमोर पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय निघत नाही.

पलीकडच्या_टेबलावरून
हाहा. "योग्य ती" बद्दल माफी नाही, त्याचाच पगार मिळतो. पण वाचकांचा गैरसमज नको म्हणून : प्रतिनिधी बोलला म्हणजे कंपनी दगडावरच्या रेघेनं बांधली गेली असं नाही. काही जिल्हा न्यायालयं बरीच कडक आहेत, पण सेव्हन्थ सर्किटनं २००१ मध्ये ए.आय. क्रेडिट विरुद्ध लिजन प्रकरणात ही जबानी इतर पुराव्यासारखाच पुरावा मानली. दुसऱ्या पुराव्यानं ती खोडता येते. अर्थात ज्युरीपुढे "तेव्हा आमचा माणूस चुकला" म्हणणं कसं दिसतं ते वेगळं.

फोर्टातला_वकील
मुंबईहून. मजेशीर वाटलं, कारण आमच्याकडे हेच उलटं चालतं.

दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश २९ नियम १ म्हणतो की कंपनीच्या वतीनं वादपत्रावर वा कैफियतीवर सेक्रेटरी, संचालक किंवा दाव्यातल्या तथ्यांबद्दल साक्ष देऊ शकेल असा प्रमुख अधिकारी सही करू शकतो. खटल्याआधीची तोंडी जबानी आमच्याकडे नाही. सरतपासणी शपथपत्रावर, मग उलटतपासणी कोर्टात किंवा आयुक्तापुढे. कंपनीचा साक्षीदार उभा राहिला की आमचा पहिला तासभर ठरलेला : बोर्डाचा ठराव कुठे आहे? मूळ मिनिट बुक आणलंय का? हे अधिकारपत्र देणाऱ्याला अधिकार कुणी दिला? खरं तर युनायटेड बँक ऑफ इंडिया विरुद्ध नरेश कुमार या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की अशा तांत्रिक कारणावरून कंपनीचा खरा हक्क बुडवू नका, सहीला नंतरही मान्यता देता येते. तरी कुणी सोडत नाही.

त्यानंतर हमखास : "करार झाला तेव्हा तुम्ही कंपनीत होता?" "नाही." "म्हणजे तुम्हाला या व्यवहाराची वैयक्तिक माहिती नाही?" "रेकॉर्डवरून सांगतो." इथे आम्ही समाधानानं खाली बसतो, कारण साक्षीदाराचं वजन गेलं. जानकी भोजवानी विरुद्ध इंडसइंड बँक, २००५, हा व्यक्तींच्या मुखत्याराबद्दलचा निकाल आहे, मूळ माणसालाच माहीत असलेल्या गोष्टींवर मुखत्यारानं साक्ष देऊ नये असा. पण तोही कंपनीच्या साक्षीदारावर भिरकावला जातो.

म्हणजे तुमच्याकडे "मला वैयक्तिक माहिती नाही" म्हणणारा अडचणीत येतो तो माहिती गोळा केली नाही म्हणून. आमच्याकडे माहिती गोळा करून आलेलाच अडचणीत, ती त्याची स्वतःची नाही म्हणून. आमचे बँकांचे अधिकारी तर बदलत राहतात. एका दाव्यात तीन-तीन अधिकारी नवं शपथपत्र घालतात.

चोरट्या पायवाटेसारखा एक नियम आमच्याकडेही आहे, आदेश ११ नियम ५ : विरुद्ध पक्ष कॉर्पोरेशन असेल तर तिच्या अधिकाऱ्याला लेखी प्रश्नावली देण्याची परवानगी मागता येते. फारच कमी वकील वापरतात. २०१५ च्या व्यावसायिक न्यायालय कायद्यानंतर कागदपत्रं सुरुवातीलाच उघड करण्याची सक्ती आली, आणि २०१८ मध्ये दाव्याच्या रकमेची किमान मर्यादा १ कोटीवरून ३ लाखांवर आल्यानं बरेच दावे त्यात येतात. पण तोंडी विचारपूस खटल्यातच.

वकीलीणबाई
@फोर्टातला_वकील, फार छान प्रतिसाद. तुमचा "वैयक्तिक माहिती" मुद्दा इथेही मागच्या दारानं येतो, पण फक्त कंपनीविरुद्ध. मी, विरुद्ध पक्ष, ही जबानी नियम ३२ खाली खटल्यात कशासाठीही वापरू शकते. पण कंपनीनं तोच माणूस स्वतःच्या बाजूनं ज्युरीपुढे उभा केला आणि ऐकीव गोष्टी सांगायला लावल्या, तर बरीच न्यायालयं थांबवतात : आता तुला स्वतःला जे माहीत आहे तेवढंच बोल. फिफ्थ सर्किटनं २०१० मध्ये युनियन पंप प्रकरणात असंच म्हटलंय. थोडक्यात, पढवलेला साक्षीदार तयार करायचा खर्च कंपनीचा आणि उपयोग माझा. पलीकडच्या टेबलाला हे आवडत नाही, समजू शकते.

चिकट्या
बिल गेट्सचा तो व्हिडिओ याच नियमातला का? १९९८ चा? एकेका साध्या शब्दावर वाद घालत बसलाय तो?

वकीलीणबाई
नाही. मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या सरकारी दाव्यात गेट्सना नाव घेऊन बोलावलं होतं, प्रश्न डेव्हिड बॉइज विचारत होते. कंपनीचा प्रतिनिधी निवडायचा प्रश्न नव्हता. पण त्या चित्रफितीचे तुकडे खटल्यात दाखवले गेले आणि कंपनीची बाजू मांडणाऱ्यांना ते जड गेले. सगळ्यांना कळणाऱ्या शब्दाचा अर्थ विचारत राहिलात तर तुम्ही हुशार दिसत नाही.

मीनल_ऑस्टिन
मी ट्रान्सक्रिप्ट तपासायचं काम करते, आपल्या लोकांसाठी दोन गोष्टी. मान डोलावू नका. आपली ती 'हो'ही नाही आणि 'नाही'ही नाही अशी मान कागदावर उतरत नाही, वकील मग "कृपया तोंडानं उत्तर द्या" म्हणत राहतो. दुसरं, प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर सुरू करू नका. दोघं एकदम बोलले की रिपोर्टर वैतागतो आणि अर्ध्या प्रश्नाला तुम्ही भलत्याच गोष्टीवर 'येस' म्हटलेलं असतं. आधीच मागणी केलेली असेल तर ट्रान्सक्रिप्ट तपासून दुरुस्त्या द्यायला ३० दिवस मिळतात, पण 'हो'चं 'नाही' करायचं असेल तर कारण लिहावं लागतं. मूळ उत्तरही तिथेच राहतं.

ह्यूस्टनकर
सगळ्यांचे आभार. कालच्या बैठकीत वकिलांनी माझे विषय दिले, त्यातले दोन मला खरंच झेपतील असे नाहीत. आणि विषयाबाहेरचं विचारलं तर?

पलीकडच्या_टेबलावरून
झेपत नसतील तर आत्ता सांगा. कंपनी विषय वाटून वेगवेगळी माणसं देऊ शकते, त्यात कमीपणा नाही. विषयाबाहेरच्या प्रश्नावर वकील हरकत नोंदवतील, पण बहुतेक ठिकाणी तुम्हाला उत्तर द्यावंच लागतं. ते उत्तर मात्र तुमचं वैयक्तिक धरलं जावं असा आमचा युक्तिवाद असतो. "उत्तर देऊ नका" असं वकील जवळपास फक्त गोपनीय सल्ल्याच्या बाबतीत किंवा कोर्टानं घातलेली मर्यादा मोडली जात असेल तर म्हणू शकतो. हरकत ऐकून घाबरून गप्प बसू नका. 'ऑब्जेक्शन' म्हटल्यावर थांबा, मग उत्तर द्या.

ह्यूस्टनकर
शेवटचं. तारखा, लॉट नंबर लक्षात राहणं शक्य नाही. फाइल घेऊन बसलो तर चालतं?

वकीलीणबाई
चालतं, आणि मला तर आवडतंच. पण समोर ठेवलेली फाइल मी मागणार, तिला एक्झिबिट नंबर लावणार आणि पान-पान बघणार. समासात पेन्सिलीनं काही लिहिलं असेल तर पहिला प्रश्न त्यावरच. म्हणून फाइलमध्ये काय जातं ते तुमच्या वकिलांना आधी बघू द्या, आणि स्वतःची टिपणं त्यात नकोत.